अंगठ्याची शिवण

हातमोजा म्हटला की पाच बोटांना पाच स्वतंत्र घरे असलेला मोजा आपल्या डोळ्यांपुढे येतो. अतिशीत प्रदेशात ही रचना फारशी उपयोगी पडत नाही. बोट एकटे पडले की त्याचा थंडीला उघडा पडणारा भाग वाढतो, आणि त्याची स्वतःची ऊब मुळातच थोडकी असल्याने ते लवकर बधिर होते. चार बोटे एका घरात आणि अंगठा तेवढा शेजारच्या खोलीत अशी व्यवस्था केली, म्हणजे बोटे एकमेकांच्या उबेवर तग धरतात. अशा मोज्याला मिटन म्हणतात. तान्ह्या बाळाने स्वतःला ओरबाडू नये म्हणून आपण त्याच्या हातांत जे पिशवीसारखे मोजे घालतो, ते मिटनचेच दूरचे नातलग. उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत एका मिटनला ‘पुआलुक’ म्हणतात आणि जोडीला ‘पुआलूक’. एका दीर्घ उकाराने एकाचे दोन होतात. शाळेत संस्कृतचे द्विवचन घोकून बेजार झालेल्या ज्येष्ठ वाचकांना, ते द्विवचन जगाच्या त्या टोकाला रोजच्या बोलण्यात नांदते आहे, हे कळल्यावर गंमत वाटेल.

वार्धक्य आणि शुश्रूषा यांना वाहिलेल्या या सदरात दूरदेशीच्या शिवणकामाचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पुआलुक शिवण्याची विद्या आज वयोवृद्ध स्त्रियांच्या हातांत सर्वांत पक्की आहे. आईकडून मुलीकडे शतकानुशतके वाहत आलेली ही विद्या मध्येच एका पिढीपाशी अडखळली, आणि त्या अडखळण्यास जी कारणे झाली त्यांत एक रोग आणि त्याच्यावरील उपचारही होते. ती पुन्हा वाहती करण्याचे काम आता आज्या करीत आहेत. वृद्ध माणसाने घरात नेमके काय करावयाचे, हा प्रश्न ज्या घरांत उघडपणे किंवा मूकपणे विचारला जातो, त्या घरांसाठी ही हकीकत मला महत्त्वाची वाटते.

आपण भूगोलाच्या पुस्तकात ज्यांना ‘एस्किमो’ म्हणून ओळखले, तेच हे लोक. ते नाव त्यांना दुसऱ्यांनी दिलेले असून कॅनडात ते आता अवमानकारक मानले जाते. ‘इनुइट’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘माणसे’, आणि एकवचन ‘इनुक’. ग्रीनलंड, अलास्का आणि उत्तर कॅनडा येथे त्यांची वस्ती आहे. १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडाने नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश निर्माण केला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून अधिक. लोकसंख्या मात्र चाळीस हजारांच्या आत-बाहेर. तेथील हिवाळ्यात पारा उणे तीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे ही बातमी होत नाही. अशा हवेत शिकाऱ्याच्या मिटनची शिवण उसवली तर काही वेळातच बोटे गोठतात, आणि बोटे गोठलेल्या माणसाला ना सुरी धरता येते, ना कुत्र्यांच्या गाडीची वादी सोडता येते. घरातील स्त्रीच्या टाक्यावर पुरुषाचा जीव अवलंबून असे, असे म्हणण्यात तेथे अतिशयोक्ती नाही.

आता त्या टाक्याकडे वळू. पारंपरिक मिटन मुख्यतः दोन प्राण्यांच्या कातड्यांची होते. कॅरिबू हा रेनडिअरचाच उत्तर अमेरिकेतील भाऊबंद. त्याचा केस आतून पोकळ असतो आणि त्या पोकळीत कोंडलेली हवा थंडी अडविते, म्हणून कडाक्याच्या हिवाळ्याला कॅरिबूचे कातडे. सीलचे कातडे उबेला कमी, परंतु ओल्याला दाद न देणारे. म्हणून बर्फ वितळू लागल्यावर आणि समुद्रकाठच्या कामासाठी ते. मिटनला कॅरिबूच्या पायाचे कातडे पसंत केले जाते, कारण तेथील केस आखूड आणि चिवट असतात. कातडे बेतताना केसांच्या बाजूने कधीही कापीत नाहीत. ते उलटे पसरून आतल्या बाजूने ‘उलू’ नावाच्या हत्याराने कापतात, म्हणजे केस अखंड राहतात. उलूचे पाते अर्धचंद्राकृती आणि मूठ वर मध्यभागी असते. आपल्याकडील चर्मकारांची रापी ज्यांनी पाहिली आहे त्यांना उलू परका वाटणार नाही.

दोरा म्हणजे ‘इवालू’: कॅरिबूच्या पाठीच्या कण्यालगतची कंडरा वाळवून, तिचे तंतू सोलून काढलेली तात. हा दोरा ओला झाला की फुगतो आणि सुईने पाडलेले छिद्र स्वतःच बुजवितो. सुती दोऱ्यात हा गुण नाही. पूर्वी सुया हाडाच्या किंवा हस्तिदंतासारख्या कठीण दाताच्या असत. घासून घासून केलेली सुई ही एवढी मोलाची वस्तू की तिच्यासाठी स्वतंत्र कोरीव नळी बनवीत. आज बाजारात मिळणारी, चामड्याची तीन धारांची पोलादी सुई वापरतात, आणि इवालूच्या जागी बहुधा मेण लावलेला कृत्रिम दोरा. अंगुस्तान मात्र अजूनही पुष्कळ जणी कातड्याचे वापरतात, आणि ते तर्जनीवर चढवितात. तर्जनी आणि अंगुस्तान या दोहोंना इनुक्टिटुटमध्ये शब्दही एकच आहे, ‘तिकिक’.

फरच्या कडा जोडताना दोन तुकडे केसांची तोंडे आत करून एकावर एक ठेवावयाचे, बाहेर डोकावणारे केस सुईच्या टोकाने आत सारावयाचे, आणि अगदी काठाशी, काठाला वेढा घालीत, बारीक व दाट टाके घ्यावयाचे. तुकडा उलटला की शिवण केसांत लपते. ओल्यात वापरावयाच्या वस्तूंसाठी याहून अवघड टाका आहे. सुई एका कातड्यातून आरपार जाते, पण दुसऱ्याच्या जाडीत अर्धीच शिरून परत बाहेर येते; मग दुसऱ्या बाजूने तशीच शिवण पुन्हा घालतात. दोन्ही कातड्यांतून आरपार जाणारे एकही छिद्र उरत नाही, आणि पाण्याला वाट मिळत नाही. दोन मिलिमीटर जाडीच्या कातड्यात सुई अर्ध्यावर थांबवावयाची, तीही दिव्याच्या मंद उजेडात! हे डोळ्यांचे काम नव्हे, बोटांचे आहे. ग्रीनलंडमधील किलाकित्सोक येथे १९७२ साली सहा स्त्रिया आणि दोन बालके यांची, सुमारे १४७५ सालची, थंडीने जपलेली शवे सापडली. त्यांच्या अंगावरील व सोबतच्या कातडी वस्त्रांची शिवण पाच शतकांनंतरही तपासता येण्याजोगी शाबूत होती.

या कौशल्याची किंमत शरीर चुकवीत असे, हेही आरोग्यविषयक नियतकालिकात सांगितले पाहिजे. कातडे मऊ करण्यासाठी ते खरवडावे, ताणावे आणि दातांनी चावावेही लागे. जन्मभर कातडी चावून वृद्ध स्त्रियांचे दात हिरड्यांपर्यंत झिजत, अशी नोंद उत्तरेत गेलेल्या अनेक प्रवाशांनी आणि अभ्यासकांनी केली आहे. त्यात शिवणीला ऋतूची घाई असे. कपड्यांसाठी उत्तम कातडे उन्हाळ्याच्या अखेरीस मिळणार, आणि अनेक समूहांत असा निर्बंध होता की, समुद्राच्या बर्फावरील हिवाळी वस्तीत कॅरिबूचे कातडे शिवावयाचे नाही. म्हणजे साऱ्या कुटुंबाची वस्त्रे मधल्या काही आठवड्यांत पुरी व्हावयास हवीत. परंपरेचे गोडवे गाताना या श्रमांकडे काणाडोळा करू नये, असे माझे मत आहे.

मग ही साखळी तुटली कशी? दुकानी कपडे आले, मुलांना दूरच्या निवासी शाळांत नेण्यात आले, ही कारणे तर आहेतच. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास क्षयाने तेथे थैमान घातले. १९५० पासून ‘सी. डी. हाउ’ नावाचे सरकारी जहाज दर उन्हाळ्यात वस्त्यावस्त्यांना भेट देई. लोकांना जहाजावर बोलावून छातीचा एक्सरे काढीत, आणि ज्याच्या फुप्फुसावर डाग दिसेल त्याला तेथेच ठेवून घेत. अनेकांना किनाऱ्यावर परतून निरोप घेण्याचीही मुभा मिळाली नाही. १९५६ च्या सुमारास कॅनडातील इनुइटांपैकी सातांतील एक जण दक्षिणेकडील क्षयरोग रुग्णालयांत होता. मुक्काम महिन्यांचा नसे, वर्षांचा असे. भाषा अनोळखी, अन्न अनोळखी, आणि मागे राहिलेल्या घरी खबर पोहोचण्याची शाश्वती नाही. काही जण तेथेच वारले आणि कुठे पुरले हे घरच्यांना दशकानुदशके ठाऊक नव्हते. ८ मार्च २०१९ रोजी इकालुइत येथे कॅनडाच्या पंतप्रधानांनी या वागणुकीबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि हरवलेल्यांच्या कबरींचा शोध घेण्यासाठी ‘नानिलावुत’ हा उपक्रम सुरू झाला. त्या शब्दाचा अर्थ ‘चला, त्यांना शोधू या’ असा आहे.

उपचार आवश्यक होते, औषधांनी जीवही वाचले. तरीही एक गोष्ट नजरेआड होत होती. आठ-दहा वर्षांची मुलगी ज्या वयात आईशेजारी बसून तुकड्यांवर हात बसविते, त्या वयात आईच घरात नव्हती, किंवा मुलगीच रुग्णालयात होती. काही रुग्णालयांत वेळ जावा आणि हाताला चलन राहावे म्हणून रुग्णांना कोरीवकाम व शिवणकाम करू देत. पण जिच्यासाठी शिवावयाचे ती माणसे शेकडो कोसांवर. आपल्याकडेही ज्या घरांतील कोणी ऐन उमेदीत सॅनिटोरियममध्ये राहून आले, त्या घरांतील ज्येष्ठांना अशा रिकाम्या वर्षांची कल्पना करणे कठीण जाणार नाही.

आता ही विद्या पुन्हा शिकविली जाते आहे. नुनावुत आर्क्टिक कॉलेजात फरकामाचा अभ्यासक्रम आहे. रँकिन इनलेट येथील ‘मिक्कुत’ हा उपक्रम मला विशेष लक्षणीय वाटतो. मिक्कुत म्हणजे सुई. शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणींना वृद्ध स्त्रिया कातड्याचे शिवण शिकवितात आणि त्यातच त्यांचे वाचन-लेखनही घडते. साक्षरता संस्थेने सुईला हाताशी धरावे ही कल्पनाच मोठी सुज्ञ आहे. आजी येथे पाहुणी किंवा लाभार्थी नसते. ती गुरू असते.

ती शिकविते कशी, हे पाहण्यासारखे आहे. इनुइटांच्या पारंपरिक ज्ञानविचारात ‘पिलिम्माक्सार्निक’ नावाचे एक तत्त्व आहे: पाहून, सोबत राहून, सराव करून आणि खटपट करून कौशल्य अंगी बाणविणे. नुनावुतच्या शासनानेही ते आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत घेतले आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की शिक्षिका फार बोलत नाही. मापे हाताने आणि नजरेने घेतली जातात, जशी आपल्याकडे वितीने आणि बोटाने घेत. शिकणारी पाहते, करते, नेऊन दाखविते. आजी शिवणीवरून बोट फिरविते. ठीक नसेल तर ती उसवावयाची आणि पुन्हा घालावयाची. रागावणे नाही, आणि उगाच वाखाणणेही नाही.

बहुतेकींचा हात अडतो तो अंगठ्यापाशी. मिटनचा तळवा आणि पाठ जोडणे फारसे अवघड नसते. पाठीचा तुकडा थोडा मोठा घेऊन बोटांच्या टोकापाशी त्याच्या बारीक चुण्या तळव्यात सामावून घ्याव्या लागतात, एवढेच. अंगठ्याची गोष्ट निराळी. तळव्यात त्याच्यासाठी दिलेल्या चिरेच्या वळणाला अंगठ्याच्या तुकड्याचे वळण भेटले पाहिजे, आणि दोन्ही वळणे एकमेकांच्या उलट. थोडे ओढले तर अंगठा आखडतो, सैल सोडले तर घोळ राहतो. अंगठा आणि तर्जनी यांमधील खाचेत सर्वाधिक ताण येतो, म्हणून मिटन फाटते तीही तेथेच. त्या खाचेत टाके सर्वांत दाट हवेत आणि सुई फिरविण्यास जागा मात्र सर्वांत कमी. याशिवाय नवशिक्यांचा एक ठरलेला विनोद आहे: नमुना उलटा करून न कापल्याने दोन्ही मिटन डाव्या हाताच्याच होतात! कागदाच्या किंवा सुती कापडाच्या दोन बाजू सारख्या असतात, फरच्या नसतात.

वृद्ध हातांना हे काम झेपते का? उत्तर हातागणिक वेगळे असेल. आपल्या घरातही हातशिलाई, गोधडीचे टाके किंवा विणकाम करणारे कोणी ज्येष्ठ असतील, तर पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्या. सुई चिमटीत धरण्याचा सारा भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येतो, आणि उतारवयात झिजेचा त्रास होणाऱ्या सांध्यांत तो आघाडीवर आहे. म्हणून सुई ढकलण्यासाठी अंगुस्तान आणि ओढण्यासाठी रबराचा लहानसा तुकडा किंवा छोटी पकड वापरावी. वीस मिनिटे काम आणि मग हात मोकळा, हा क्रम बरा. काम थांबविल्यावर दोन तासांहून अधिक वेळ दुखत राहिले, तर त्या दिवशी काम जास्त झाले असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी निम्मे करावे. उजेड भरपूर हवा आणि काम करणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने यावा, म्हणजे हाताची सावली शिवणीवर पडत नाही. दोरा कापडाहून उठून दिसणाऱ्या रंगाचा घ्यावा. मधुमेहाने बोटांची संवेदना मंदावली असेल, किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू असतील, तर चामड्याची तीन धारांची सुई हाती देऊ नये. लोकरी कापड आणि बोथट टोकाची जाड सुई पुरे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी थोडे. नावे, तारखा, सकाळी काय खाल्ले याचा विसर पडू लागला तरी हाताने आयुष्यभर केलेल्या कामाची आठवण पुष्कळदा अधिक काळ टिकून राहते. अशा आजींना ‘तुम्हाला आठवते का’ असे विचारू नये. शेजारी बसून आपण चार टाके घालावेत आणि कापड त्यांच्या हाती द्यावे. हात चालू लागला तर उत्तम, न लागला तर आग्रह धरू नये. सुया आधी मोजाव्यात आणि नंतरही मोजाव्यात. ही खबरदारी कधीही चुकवू नये.

आपल्या हवेत कॅरिबूच्या मिटनची गरज नाही, आणि ते कातडे येथे मिळणारही नाही. पण मुलगा-सून टोरांटो किंवा एडमंटनला आहेत आणि नातवंडासाठी काही शिवावेसे वाटते, अशी घरे आपल्या वाचकांत असतील. त्यांनी अस्तराच्या मिटनपासून आरंभ करावा. तेथेही फरच्या मिटनच्या आत लोकरी कापडाचे अस्तर घालण्याची पद्धत आहे. शुद्ध लोकरीचे जुने ब्लँकेट गरम पाण्यात धुऊन आटवावे, म्हणजे ते दाट होते आणि कडा उसवत नाहीत. अ‍ॅक्रिलिकचे ब्लँकेट आटत नाही. घोंगडीचा तुकडा उबेला उत्तम, पण कोवळ्या हाताला आतून टोचतो. चार बोटे जुळवून आणि अंगठा सहज दूर ठेवून हात कागदावर टेकावा, भोवती बोटभर जागा सोडून रेघ मारावी आणि दुसऱ्या हाताच्या वेळी कागद आठवणीने उलटवावा. तयार झाली तर हौसेने घालावी, घालू द्यावी. मात्र ‘इनुइट मिटन’ म्हणून ती कोठे विकू नये. तेथील स्त्रियांची ती उपजीविका आहे, आणि ‘पाउक्तूतित’ ही १९८४ मध्ये स्थापन झालेली इनुइट महिलांची संघटना आपल्या पारंपरिक वस्त्रांवरील हक्कासाठी आग्रहाने बोलत आली आहे.

एक रीत सांगावयाची राहिली. क्वेबेकच्या उत्तरेकडील नुनाविक प्रदेशात, बाळाच्या जन्माच्या वेळी आईजवळ असलेली सुईण त्या बाळाशी जन्मभराच्या नात्याने बांधली जाते. मुलगी मोठी होऊन पहिल्यांदा काही शिवते, तेव्हा ती वस्तू घरात ठेवीत नाहीत. टाके वाकडे असोत, आकार बेढब असो, ती त्या सुईणीला नेऊन देतात. तोवर ती बहुधा वृद्ध झालेली असते. ती वस्तू ती सर्वांसमक्ष हाती घेते आणि मुलीचे कौतुक करते. मुलगा असेल तर त्याच्या पहिल्या शिकारीचा मानही असाच त्या सुईणीकडे जातो.